बारीक तारांची बाजू

मी गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होते. माझी मुलगी मुग्धा वर आली, तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं, घडी घालून झाली आणि मग म्हणाली, "आई, अविकाका गेले." अविनाश, माझे धाकटे दीर. गाझियाबादच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये झोपेतच गेले. मी पुढची चादर काढायला हात वर केला आणि तो तसाच वर राहिला…

आता काही आठवडे झाले. दुपारी डोळा लागला की अजून दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं आमचं सरकारी क्वार्टर दिसतं. यांची नोकरी केंद्र सरकारची. भावजी मानेसरला गाड्यांचे पत्रे दाबायच्या कारखान्यात लागले आणि आमच्याकडेच राहायला आले. आठवडाभर कंपनीची बस आणि यंत्रांची धाडधाड, रविवारी मात्र त्यांची लाल गिटार. तेव्हा गुडगावात शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. नवा मॉल उघडला की त्याला बँड लागायचा, आणि त्या बँडमध्ये भावजी वाजवायचे. लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "घरात एक तारांची आहे ना."

थंडीत मागच्या बाल्कनीत ऊन यायचं. मी मटार सोलायला बसायची, समोर भावजी गिटार मांडीवर आडवी घेऊन. कारखान्यातून आणलेल्या बारक्या चावीनं ते, जिच्यावर तारा टेकतात ती घोडी वरखाली करायचे. तार खाली आली की बोटांना सोपं, पण ती दांडीवरच्या पट्ट्यांवर घासून झरझरते. वर गेली की स्वच्छ वाजते, पण बोटं दुखतात. तारांच्या खाली चुंबकाची पट्टी होती, तिला ते पिकअप म्हणत. तिच्या दोन टोकांना दोन स्क्रू, एक जाड तारांकडे, एक गुडघ्याच्या बाजूला, बारीक तारांकडे. त्याच चावीनं स्क्रू फिरवून पट्टी तारेजवळ आणली की त्या बाजूचा आवाज मोठा होतो. फार जवळ आणली तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर थरथरतो. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, मी न विचारता.

"वहिनी, आता?"

"हं."

"हं म्हणजे बरं वाजतंय, की मटार संपले?"

मी हसायची. ते आत ओरडायचे, "दादा, तुझ्या बायकोला बँडमध्ये घेतो. भांडण करणार नाही."

"ने. पडद्यामागे उभी राहील," हे पेपरातून म्हणायचे.

एका थंडीत माझ्या लक्षात आलं की दर रविवारी गुडघ्याकडचा स्क्रू थोडा वर चढतोय. बारीक तारा टोचायला लागल्या, ताटावर चमचा घासावा तशा. मला वाटलं, नव्या गाण्यांना असंच लागत असेल. मग एकदा कुकर शिट्ट्या देत राहिला आणि शेजारी चहा पीत उभे असलेले भावजी ढिम्म हलले नाहीत. मी धावत जाऊन गॅस बंद केला तेव्हा त्यांनी वळून पाहिलं.

त्यानंतर बँडचे दोघं त्यांना भेटायला आले. मी नेहमीसारखी स्वयंपाकघरात. जाताना ते जिन्यात थांबले, आमच्या खिडकीखालीच.

"यार, अवि का गिटार कान में चुभता है."

"तो बोल ना उसको."

"तू बोल. मुझसे नहीं होगा. अगला शो देख लेते हैं, नहीं तो दूसरा लाना पड़ेगा."

माझी तव्यावरची पोळी करपली. बँड गेला तर या माणसाकडे धाडधाडीशिवाय काय उरणार होतं?

रविवारी ऊन नेहमीसारखंच आलं. खालून बाजारातल्या कपडेवाल्यांच्या हाका येत होत्या. "वहिनी, आता?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. मी त्यांना कधीच नाही म्हटलं नव्हतं.

"बारीक तारा टोचतायत. तो गुडघ्याकडचा खाली घ्या."

त्यांनी घेतला. "अजून," मी म्हटलं. पुन्हा घेतला. "अजून थोडा."

"अहो वहिनी, मग मला त्या ऐकूच येणार नाहीत…"

बोलून त्यांनी चावी खाली ठेवली. मी शेंगा सोलत राहिले. वर बघायचा धीर झाला नाही.

"बँडवाल्यांना कळू देऊ नका," ते म्हणाले.

"मी कधी कुणाशी बोलते?"

"तेही खरंच," म्हणाले आणि डोळे पुसत हसले.

पुढं कितीतरी वर्षं ते वाजवत राहिले. स्क्रू फिरवताना कान लावायचे नाहीत, माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. एकदा मुग्धा मला ओढून मॉलमध्ये घेऊन गेली. मी खांबाआड उभी. सरकत्या जिन्यावरून माणसं तरंगत वर जात होती आणि भावजींची बोटं अगदी शेवटच्या बारीक तारांवर पोचली होती. सूर सगळ्या मजल्यांवर भरून राहिले. त्यांच्यापर्यंत मात्र पोचत नव्हते. लोकांचे चेहरे बघून ते हसत होते… मला अजून वाटतं, तो जिना तसाच वर जातोय आणि ते वाजवतायत.

नोकरी संपल्यावर ते गाझियाबादला एकटे राहायला गेले. बँड केव्हाच मोडला होता. दिवस झाल्यावर आम्ही तिथलं सामान आवरायला गेलो. मुग्धानं गिटार आवाज मोठा करणाऱ्या त्यांच्या डब्याला जोडली, एक बारीक तार छेडली आणि कान दाबले. मग वाकून पाहिलं.

"काकांनी हे काय करून ठेवलंय? या बाजूला पिकअप तारेला चिकटलाय नुसता. चावी कुठंय? खाली घेते."

चावी मला सापडली होती, पण मी ती तिच्या हाती दिली नाही. म्हटलं, राहू दे.

आता गिटार आमच्याकडे आहे. मुग्धा कधीमधी वाजवते, वैतागते. बारीक तारांचा सूर भिंतीवर थरथरत राहतो, तिला टोचतो, मलाही टोचतो. पण गाझियाबादच्या त्या खोलीत ते एकटेच होते, लोकांसाठी वाजवायचं नव्हतं, आणि स्क्रू एवढा वर आणल्यावर हा सूर त्यांना ऐकू येत असणार. मी दार लोटून घेत नाही.