रिकामा डबा

समोरच्या खोलीतल्या एमाला मी रविवारी डबाभर पोहे दिले होते. परदेशातल्या या होस्टेलवर मी आपणहून कुणाशी बोलले, ते तेवढंच. आज डबा माझ्या दाराशी दिसला, लख्ख धुतलेला. आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चमचाभर साखर घालतात, म्हणजे येणंजाणं चालू राहतं. मी वेड्यासारखं झाकण उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

फोनवर आईने विचारलंच, "काय दिलं गं तिने डब्यातून?"

"चॉकलेटं," मी म्हणाले.

"बघ! होईल हळूहळू ओळख."

पलीकडे एमा कुणाशी तरी हसत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्या लेखी डबा परत केला, विषय संपला. आता पुन्हा तिचं दार वाजवायला माझ्याकडे काही कारण उरलं नाही.