डिकीतली रुई

हे मी अजून बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही. तिला अर्धं माहीत आहे, आणि त्या अर्ध्यात मी बरा दिसतो.

माझ्याकडे एक जुनी गाडी आहे, पन्नास वर्षांची. परभणीच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून हौसेनं घेतलेली. मास्तरकी करणाऱ्या माणसाला अशी हौस शोभत नाही असं बायको म्हणते, पण मानवतच्या बाजारातून ती गाडी निघाली की लोक वळून बघतात आणि मला ते आवडतं, हे कबूल करून टाकतो. एकच दुखणं होतं. उन्हाळ्यात इंजिनाजवळच्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी भर रस्त्यात बसायची. म्हणून आमच्या मिस्त्रींनी विजेवर चालणारा पंप आणून डिकीत, टाकीशेजारी बसवला. गाडी उन्हात बंद पडायची थांबली, पण आवाज सुरू झाला. चावी फिरवली की टकटकटकटक. शाळेतले सहकारी विचारायचे, "सर, डिकीत सुतार कामाला ठेवलाय का?"

मिस्त्री माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आधी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, मग गाड्यांकडे वळले. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी पंपाखाली रबर घातलं. पत्रा थरथरायचा थांबला, आवाज निम्म्यावर आला. उरलेल्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

"सर, तेवढा असू द्या. त्यो कामाचा हाय. चावी लावली की वाजतंय, नळीत पेट्रोल भरलं की थंडावतंय. थंडावलंच न्हाई तर समजायचं, कुटंतरी गळायलंय नाहीतर हवा घुसायलीय."

मी हो हो केलं. मला वाटलं, यांना जमत नाही म्हणून तत्त्वज्ञान सांगतायत.

त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरलं. व्याही पाथरीकडचे, एका शिक्षणसंस्थेचे कारभारी. संस्थेच्या तीन बस होत्या आणि त्यांच्या देखभालीसाठी ते कायमचा माणूस शोधत होते. मी मोठ्या तोंडानं आमच्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. मिस्त्रींनाही सांगितलं. गॅरेजला गिऱ्हाईक कमी झालं होतं, नव्या गाड्या सगळ्या शोरूमला जातात. ते ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "तेवढं झालं तर म्हातारपणाची चिंता मिटंल, सर."

बस्ता बांधायला आम्ही परभणीला जाणार होतो. व्याही त्यांच्या मोठ्या गाडीतून घरी आले, पण मी हट्टच धरला की ती दारात लावा आणि माझ्या गाडीत बसा. आदल्या दिवशीच मनात आलं होतं, विहीणबाई मागे बसणार आणि पाठीमागून टकटक ऐकू येणार. मुलीच्या गाद्या भरायला आणलेली रुई घरात होतीच. मी चांगली दोन ओंजळी रुई घेतली, पंपाभोवती गच्च गुंडाळली, वरून जुना पंचा बांधून सुतळीनं आवळला. बांधताना नळी जरा ओढली गेली, ते जाणवलं होतं मला. पण चावी फिरवली तर आवाज जवळजवळ नाहीसा! मी स्वतःवर इतका खूष झालो की तेव्हाच मिस्त्रींना फोन करून सांगावंसं वाटलं.

वाटेतल्या कोल्हा गावाच्या फाट्यावरच्या पाटीपर्यंत विहीणबाईंनी दोनदा पदर नाकाला लावला. "जुन्या गाडीला वास असतोच," मी हसून म्हणालो. पाटी ओलांडली आणि गाडी आचके देत बंद पडली.

आम्ही सगळे बाभळीच्या सावलीला उभे राहिलो. मी मिस्त्रींना फोन केला, आणि ते येईपर्यंत व्याह्यांसमोर तोंडाचा पट्टा सोडला. परवाच काम करून घेतलंय, ही आजकालची कामं, विश्वास ठेवायचा तरी कुणावर. मिस्त्री मोटारसायकलवर घामाघूम होऊन आले. एरवी मी त्यांना अहो-जाहो करतो. त्या दिवशी म्हणालो, "काय करून ठेवलंस रे हे?"

ते डिकी उघडून वाकले. मी शेजारी होतो, बाकीचे लांब. पंचा सोडला तर आत रुई पेट्रोलनं निथळत होती. जोड सुटला होता आणि गळणारं सगळं रुईनं पिऊन टाकलं होतं, म्हणून रस्त्यावर थेंबही पडला नव्हता. मिस्त्रींनी पहिल्यांदा बॅटरीची तार काढली. मग रुई पिशवीत कोंबली आणि पिशवी लांब बांधावर नेऊन ठेवली. परत येताना माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"काय झालं होतं?" व्याह्यांनी विचारलं.

"माझीच चूक हाय, साहेब," मिस्त्री म्हणाले. "जोड ढिला ऱ्हायला होता."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी बोललोही. "आता तरी नीट बसवा," म्हणालो.

दोन दिवसांनी गॅरेजवर गेलो. ते हळू आवाजात म्हणाले, "सर, आसं परत करू नका. पंपात ठिणगी पडती. पेट घेतला असता, आन् मागं बाईमाणूस बसल्यालं."

"मग तिथंच का नाही सांगितलं?"

"व्याही समोर उभे. पोरीच्या बापाला त्यांच्यापुढं खाली बघायला लावायचं व्हय?"

मला मान वर करता आली नाही. व्याह्यांना खरं सांगायचं असं घरी येईपर्यंत पक्कं ठरवलं होतं. आठवड्याभरात त्यांचाच फोन आला. लग्नाचं बोलून झाल्यावर म्हणाले, "बसच्या कामाचं आता ठरवायचंय. तुमचा तो मिस्त्री कसा काय? त्या दिवशीचाच ना?"

फोनवर तोंडही दिसत नाही माणसाचं. तरी मला लाज राखायची होती, माझी. मी म्हणालो, "हात चांगला आहे हो. पण आता वय झालंय त्यांचं."

काम दुसरीकडे गेलं. लग्न थाटात झालं. मिस्त्री आहेर घेऊन आले होते, कोपऱ्यातल्या पंगतीत जेवले. जाताना मला शोधत आले आणि विचारलं, "सर, त्या बसचं काई कळलं का?"

"त्यांचं दुसरीकडं ठरलं," मी म्हणालो. "मी खूप सांगून बघितलं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आसू द्या, सर. तुमी माझ्यासाठी शब्द टाकला, लय झालं."