तिवशाला मी मुलीकडची ठरले

घरोघरी जाऊन लोकांचे व्यवसाय आणि राहणीमान नोंदवायचं काम करारावर मिळालं. जिल्हा निवडा म्हणाले, तेव्हा मी पुणे सोडून अमरावती मागितला. आई म्हणाली, "तिथलं ऊन झेपेल का तुला?" पण फिरायची हौस मला, आणि खर्च दुसऱ्याचा. सोडते कशाला!

पुण्याहून रेल्वेने अकोला, तिथून एसटीने अमरावती. खिडकीची जागा धरा. दोन्हीकडे काळीभोर जमीन, फुटलेली कपाशी आणि तूर. अमरावतीत उतरल्यावर गिलावडा, म्हणजे दही-चटणीत भिजलेला वडा, खा. पन्नास रुपयांत दुपारच्या जेवणाचा प्रश्न मिटतो. तिखट मात्र जपून.

दुसऱ्या दिवशी नागपूर रोडवरच्या एसटीने तिवसा गाठलं. पहिलंच घर शोभाकाकूंचं, वय पन्नाशीचं. मी ओळखपत्र पुढे केलं, काकूंनी ते न बघताच खुर्ची पुसली. खोल्या किती, गाडी आहे का, जमीन किती, सगळी उत्तरं धडाधड. "तुम्ही काय करता?" यावर, "मी काय, घरीच!" मी टॅबलेटवर 'घरकाम' नोंदवलं. तेवढ्यात पोहे आले, आणि काकूंचा मुलगा शुभम इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसला. मला सर्वेक्षणाचं एवढं कौतुक पहिल्यांदाच दिसत होतं.

"पोट्टी काय शिकली म्हणता?" काकूंनी विचारलं.

"कोणती मुलगी?"

तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी चांदूर रेल्वेचे पाहुणे मुलीला घेऊन शुभमला बघायला येणार होते. त्याआधी मुलीकडचं कोणीतरी येऊन घरदार पाहून जातं, अशी इथली रीत. माझे सगळे प्रश्न नेमके तेच! मी हसत खरं सांगितलं. काकू मात्र हसल्या नाहीत. शेती म्हटल्यावर दोन स्थळं परत गेली होती. या तिसऱ्यांना त्यांनी मुलगा कंपनीत आहे असं कळवलं होतं.

"बाई, तुमच्या मशीनमदी बी कंपनीच लिवा."

आमचा नियम सोपा आहे: वर्षात सगळ्यात जास्त दिवस जे काम केलं, तोच व्यवसाय. तो सांगून मी शुभमला विचारलं.

"दोन महिने होतो अमरावतीले कंपनीत. बाकी वरीसभर वावरातच. शेती लिवा, ताई. उद्या पाहुण्यायलेही तेच सांगन."

"काहून सांगतं? तुले लगन नाई करायचं?" काकू तरातरा आत गेल्या. मला फार अपराधी वाटलं. मी काढता पाय घेतला, तर दारात काकू पुन्हा हजर. "पोहे टाकून नोका जाऊ," असं त्यांनी रागातच बजावलं. मी खाल्ले.

आठवड्याने पुण्यात परतले. कपडे धुतले, काळी माती बुटांना तशीच होती. मनात मात्र एकच प्रश्न: पाहुण्यांचं काय झालं? शंका असल्यास विचारा म्हणून मी घरोघरी दिलेल्या नंबरवर एका सकाळी फोन आला.

"शोभाकाकू बोलून राहिली. सांगतलं बरं त्यानं! पोट्टीचा बाप उठूनच उभा राहिला. तं पोट्टीच बोलली, बाबा, बसा. मंग त्याले इचारते, यंदा तूर कशी हाय? दोघं अर्धा घंटा तुरीवरच बोलले. होकार आला!"

मी घरात एकटीच ओरडले. मग काकू थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "माह्या नावापुढं घरकाम लिवलं ना तुमी? तं पोट्याचा नियम मलेबी लावा. कपाशी काय आपोआप घरी येते?"

फॉर्म अजून पुढे पाठवला नव्हता. काकूंना फोनवर धरूनच मी तो उघडला, गेल्या वर्षातले दिवस त्यांच्याकडून मोजून घेतले आणि 'घरकाम' खोडून 'शेती' लिहिलं.