अण्णांच्या गाडीची वेलबुट्टी

माझं बी.कॉम. होईपर्यंत आमचं घर नंबरावर चालायचं. अण्णांची दहाचाकी गाडी लातूरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसासमोर उभी राहायची, ऑफिसच्या वहीत तिचा नंबर लागायचा आणि नंबर आला की दलाल सांगेल तो माल, तो सांगेल त्या गावी न्यायचा. गाडी आमच्या मालकीची, पण तिनं कुठं जायचं ते ठरवणार तिसराच. कधी कधी पाच-पाच दिवस नंबर यायचा नाही. अण्णा गाडीखाली सतरंजी टाकून पडायचे. आई आमच्या गावाहून, मुरुडहून, एस.टी.च्या कंडक्टरजवळ डबा द्यायची आणि त्या दिवसांत घरची भाजी पातळ व्हायची. गाडी उभी आहे की चालू, हे मला ताटावरून कळायचं, विचारावं लागायचं नाही.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. अण्णांनी पदवीची झेरॉक्स केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी लावली आणि भेटेल त्या ड्रायव्हरला वर चढून बघायला लावली. पण त्याच उन्हाळ्यात उदगीरहून एकजण विकत घ्यायला म्हणून गाडी बघून गेला. अण्णा जेवताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर त्याला देऊन टाकतो. मग दुसऱ्याच्या गाडीवर डायवर म्हणून बसायचं."

मी म्हटलं, "मिलवाल्याला गाडी पाहिजे, आपल्याला माल पाहिजे. मधी तिसरा कशाला?"

"मधी तिसरा हाय म्हणून तर दोघांला झोप लागती," अण्णा म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत.

मी व्हिजिटिंग कार्डं छापली. गाडीचा नंबर, किती टन बसतो, विमा, परमिट, सगळं त्यावर घातलं. स्कूटी काढली आणि एमआयडीसीतल्या डाळमिली धरल्या. बाहेर चपला काढायच्या, दिलेलं पाणी प्यायचं, कार्ड पुढं ठेवायचं आणि सांगायचं, "थेट आमची गाडी लावा. मधी कुणी नाही. माल कुठवर गेला ते मी स्वतः फोनवर सांगीन." मुलगी भाडं मागायला आलीय याचं सगळ्यांना नवल वाटायचं. चहा मिळायचा. "कळवतो" मिळायचं. फोन मात्र यायचा नाही.

अकरा मिली झाल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी बोलत असेपर्यंत मालक नीट ऐकायचे. गाडी कुणाची म्हणून विचारायचे. मी अभिमानानं अण्णांचं नाव सांगितलं की मुनीम खाली वहीत बघून हसायचा.

बाराव्या मिलीतून बाहेर येऊन चपला घालत होते. ओट्यावर तूरडाळीची पोती गाडीत चढत होती. डोक्याला बारदाना गुंडाळलेले हमालांचे म्हातारे मुकादम तंबाखू मळत उभे होते. ते म्हणाले, "ताई, तुमी त्या वेलबुट्टीवाल्याची पोरगी का?"

"हाव."

"मग आत जाऊन काय करून राहिल्या? मालक आमाला विचारून गाडी लावतेत. आन् तुमची ती गाडी न्हाई, चाकावरची बाभूळ हाय."

गाडी घेतली तेव्हा अण्णांनी ती पंधरा दिवस नांदेडच्या एका वर्कशॉपात ठेवली होती. मागच्या फाळक्याच्या, म्हणजे माल चढवायच्या दाराच्या, चौकटीला आणि दोन्ही बाजूंना स्टीलची पानं, फुलं, वेली जोडून घेतल्या, कोपऱ्यांत दोन मोर बसवले. रस्त्यानं पोरं हात करायची. त्याच पानांत हमालाच्या पाठीवरचं पोतं अडकायचं, फाटायचं आणि डाळ ओट्यावर सांडायची. मुकादमांनी मला खांद्यावर ठिगळ लावलेला स्वतःचा शर्ट दाखवला. "हे बी तुमच्या बापाचंच काम. दलाल पाठवितो म्हणून भरतो आमी. आमच्या खुशीनं कोण लावून घेईल?"

"मग अण्णांना कुणी सांगितलं का नाही?"

"कसं सांगावं? त्यो तिथंच फडकं घेऊन पानं पुसत उभा असतो. माणसाचं कवतिक मोडवत न्हाई, ताई."

मी बी.कॉम. झालेली, आणि दोन महिने चुकीच्या दारातून आत जात होते. माल कुणाच्या गाडीत जाणार हे गादीवर नाही, ओट्यावर ठरतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

त्या दिवशी ताटावर बसल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "हमालाला काय कळतंय नक्षीतलं?"

आई भाकरी वाढत म्हणाली, "नक्षी कळत नसंल. पाठ कळती."

दोन दिवस अण्णा फडकं घेऊन पानं पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, कोणती मिल ती." तिथं गेल्यावर त्यांनी मुकादमांना एवढंच सांगितलं, "द्या एक पोतं माझ्या पाठीवर." पोतं घेऊन ते आपल्याच गाडीत चढायला लागले आणि चौकटीतून आत शिरताना बाहीसकट अडकले. पुढंही जाता येईना, मागंही येईना. सगळे हमाल बघत उभे, पण हसायची हिंमत कुणाची होईना. अण्णाच आधी हसले. मग ओटा दणाणला.

"तुमी बाभूळ म्हणता, मी तर म्हणतो बोरीची जाळी हाय," अण्णा म्हणाले, "आता सोडवा मला."

दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगवाल्यानं सगळी वेल कापली. कडा घासून गुळगुळीत केल्या आणि चौकटीला जुन्या टायरची पट्टी मारली. मोर मात्र अण्णांनी टाकू दिले नाहीत. ते केबिनच्या कपाळावर, पोत्यांपासून लांब नेऊन बसवले.

गाडी परत ओट्याला लागली तेव्हा मुकादमांनी लुगड्याचा पोत बघावा तसा चौकटीवरून हात फिरवला आणि ते आत गेले. थोड्या वेळानं कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले मिलमालक आप्पा स्वतः बाहेर आले. "काय म्हणता, मुकादम?"

"लावा, आप्पा. आता पोत्याला बी लागत न्हाई, पाठीला बी न्हाई."

आप्पा माझ्याकडं वळले. "पोरी, तुझं कार्ड हाय माझ्याकडं. समदं लिहिलंस, फाळक्याचं तेवढं लिहिलं न्हाईस." आणि देगलूरला जाणारा माल आमच्या गाडीला दिला.

मी हट्टानं केबिनमध्ये बसून गेले. देगलूरच्या व्यापाऱ्यानं सगळी पोती उतरवून बघितली, आपल्या माणसांना तेलुगूत "मंचिगा उंदि" म्हणजे चांगलं आहे असं सांगितलं, आणि मग मराठीत मला विचारलं, "सीमेपलीकडून तांदूळ आणायचा असतो आमाला. गाडी रिकामीच परत जाणार का?" मी त्याला कार्ड दिलं. या वेळी मागं पेनानं लिहिलं, फाळका गुळगुळीत.

दिवाळीच्या आधी अण्णांनी उदगीरला फोन करून गाडी विकायची नाही असं कळवलं. आज लातूरच्या तीन डाळमिली आणि देगलूरचा तो व्यापारी थेट मला फोन करून माल देतात. अण्णा गाडी चालवतात, मी गिऱ्हाइकं सांभाळते, आणि गेल्या वर्षी आम्ही दुसरी गाडी घेतली.