रंगीत सिनेमाचा डोहाळा

बायका डोहाळे लागले की चिंचा मागतात, मी सिनेमा मागितला. देवळालीत आमच्या घरी त्यावर बरीच भवति न भवति झाली. पोटुशीने भयंकर काही बघू नये, असं सासूबाईंचं म्हणणं. पण डोहाळा मोडायचा नसतो, हेही त्यांचंच म्हणणं. स्वतःच्याच दोन नियमांत त्या अडकल्या आणि मी मुकाट भाकरी थापत राहिले. शेवटी माझ्या पदराला लिंबू बांधून त्यांनी मला नवऱ्याबरोबर राहुरीला दुपारच्या खेळाला धाडलं.

डोहाळा खोटा होता. आदल्या दिवसापासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. पहिलं मूल सातव्या महिन्यात असंच गप्प झालं आणि गेलं. आताही सातवाच चालला होता. तोंडातून शब्द काढला तर ते खरं होईल, या धास्तीने मी कोणाला काही सांगत नव्हते. मागे एकदा पितळी हंडा हातून निसटला, मी दचकले, तेव्हा आत बाळानेही उसळी मारली होती. म्हणून सकाळी एक तपेलं मुद्दाम पाडून पाहिलं. पण आपणच पाडलेल्या भांड्याने माणूस दचकत नाही. मला खरीखुरी भीती हवी होती, आणि ती कुठे मिळते हे मला ठाऊक होतं.

लहानपणी माहेरी, राजूरला, तंबूत तो सिनेमा पाहिला होता. तेव्हा काळापांढरा. एक माणूस यानातून आभाळात जाऊन परत येतो. चेहरा तोच, आवाज तोच, फक्त त्याची सावली पडत नाही. तो दारात उभा राहून आईला हाक मारतो, कंदील त्याच्या पाठीशी, आणि उंबऱ्याच्या आत नुसता उजेड. आई त्याला घरात घेत नाही. मला ताप भरला होता. नंतर कित्येक दिवस मी वडिलांचीही सावली तपासून मगच त्यांच्याजवळ जात असे.

चंद्रावर माणसं जाऊन आल्यावर कोणाला तरी सुचलं आणि तोच सिनेमा नव्याने, रंगीत निघाला. यान म्हणजे चंदेरी रंग दिलेली धान्याची कणगी. आभाळात गाणं, तेही नाचासकट. आणि बिनसावलीच्या माणसावर दिवे इतके मारले होते, की त्याच्या तीन-तीन सावल्या पडत होत्या. मागच्या बाकावरची पोरं त्या मोठ्याने मोजायला लागली. सगळे हसत होते, नवराही. मी पोटावर हात ठेवून त्या दाराची वाट बघत होते. दार आलं. तो हाक मारता मारता रडला, आणि आईने त्याला खुशाल पोटाशी धरलं. मला काहीच झालं नाही. हाताखालीही काहीच हललं नाही. तेव्हा मात्र मी अशी घाबरले, की नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

नवऱ्याला वाटलं, मी सिनेमाला भ्याले. म्हणाला, "खोटं हाय ते सगळं."

"बाळ हलत न्हाई," मी म्हणाले. "कालपासनं."

त्याने मला धरून उठवलं, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर आणलं आणि टांग्यात बसवून दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावला. नळी सरकवली, पुन्हा लावला. तेवढ्या वेळात मला एकाही देवाचं नाव आठवेना. मग त्या म्हणाल्या, ठोके आहेत, पण मंद आहेत, इथेच राहावं लागेल. नवरा भिंतीला टेकून खाली बसला.

मुलगी पुढे सुखरूप जन्मली. पण त्या संध्याकाळी हे कोणाला माहीत होतं? निरोप मिळताच सासूबाई आल्या. आता खोट्या डोहाळ्यासाठी बोलणी खावी लागणार, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. त्या खाटेवर बसून माझे पाय चोळत राहिल्या. चोळता चोळता म्हणाल्या, "माझं पयलं असंच गेलं. मीबी कुनाला बोलले न्हवते."

चहा घेऊन आलेला माझा नवरा जागीच थांबला. घरात आपणच थोरले, असंच तो आजवर समजत होता.