कोजोचा करार

बातमीदार लिहितो, डेस्क कापतं, आणि कापलेलं सगळं बातमीदाराच्या डोक्यात साठत जातं. कुवेतमध्ये एका इंग्रजी पेपरच्या क्रीडा पानावर माझी पंचवीस वर्षं गेली. त्यातला सर्वांत मोठा साठा कोजोचा. कोजो म्हणजे घानाहून इथल्या एका क्लबकडे आलेला फॉरवर्ड. चेंडू पायाला चिकटल्यासारखा खेळणारा असा माणूस मी इथे दुसरा पाहिला नाही, आणि इतका कमी छापून आलेलाही दुसरा पाहिला नाही. म्हणून आता तुम्हाला सांगतो. इथे कापायला कोणी बसलेलं नाही.

*

पहिल्याच मोसमात कोजोने एका सामन्यात दोन गोल केले. दुसऱ्या दिवशी पानावर चार कॉलम फोटो. खाली नाव कोजोचं, वर चेहरा समोरच्या संघाच्या सेनेगली गोलकीपरचा. हातात ग्लव्हजसकट!

मी डेस्कवर पेपर आपटला. काळा माणूस दिसला की तुमचं काम झालं का, असं सगळ्यांसमोर विचारलं. उपसंपादक शांतपणे म्हणाला, "सर, कॅप्शन तर बरोबर आहे ना?"

मी माफी मागायला कोजोकडे गेलो, तोवर त्याने कात्रण घानात कुमासीला आईला पाठवलं होतं. तिचं उत्तरही आलं होतं. हा कोण ते माहीत नाही, पण चांगल्या घरचा दिसतो, एकदा जेवायला घेऊन ये.

दुरुस्ती छापा म्हणून मी महिनाभर भांडलो. शेवटी छापली. तिच्यात फोटो तिसऱ्याच माणसाचा होता. कोजोने तीही आईला पाठवली. आईने लिहिलं, "यालाही आण. आणि जमलं तर तूही ये."

*

क्लबला युरोपातून एक नवा कोच आला. शिस्तीचा माणूस. कोजो एकटाच खेळतो, पास देत नाही, ही त्याची तक्रार. त्याने फळ्यावर नियम लिहिला: दोघांना चकवायचं, मग पास द्यायचा. तिसऱ्याला चकवलं तर बाहेर बसायचं.

पुढच्या सामन्यात कोजोने दोघांना चकवलं. समोर तिसरा उभा. कोजो थांबला, वळला, मागे गेला आणि त्याच दोघांना पुन्हा चकवलं. मग पुन्हा वळला. चौथ्या फेरीला त्यातला एक बचावपटू गवतावर बसून राहिला.

कोच लाइनवर थयथयाट करत होता. कोजोने तिथूनच दोन बोटं दाखवली. "कोच, नवा माणूस एकही नाही."

हे मी जसंच्या तसं लिहून दिलं. छापून काय आलं? 'सामना बरोबरीत सुटला.'

*

गुडघा गेला तसा कोजो खेळातून बाहेर पडला आणि कुवेतच्याच सलवा भागातल्या एका फुटबॉल अकादमीत मुलांचा कोच झाला. इथे एक गोष्ट नीट ऐकून ठेवा. त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्या अकादमीच्या करारावर. करार दरवर्षी जूनमध्ये नवा व्हायचा. नाही झाला तर इकामा गेला, आणि बापाचा गेला की बायको आणि दोन मुलींचाही. थोरली दहावीला होती.

त्याच्या बॅचला निम्मी मुलं मराठी. बाप सगळे तेल कंपन्यांतले इंजिनिअर. त्यांचे पुढारी कुलकर्णी, पुण्याचे, रिफायनरीत सेफ्टी खात्यात. कुलकर्णींनी पहिल्याच दिवशी मैदानाच्या कोपऱ्यात 'असेंब्ली पॉइंट', म्हणजे आग लागली तर जमायची जागा, अशी पाटी लावली. प्रॅक्टिसआधी दहा मिनिटं सुरक्षेवर भाषण. मग फर्मान निघालं: स्लाइडिंग टॅकल, म्हणजे घसरत जाऊन चेंडू काढून घेणं, शिकवायचा असेल तर आधी परमिट. प्लँटमध्ये वेल्डिंगलाही लागतं, मग इथे का नको?

कोजोने तो फॉर्म मन लावून भरला. धोक्याचं स्वरूप: 'मी.' उपाययोजना: 'अजून सापडलेली नाही.'

कुलकर्णींनी सही करून मंजूर केला.

*

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कोजोचा सत्कार ठरला. शाल आणि श्रीफळ. मी त्याला आदल्या दिवशी बजावलं होतं की नारळ पवित्र असतो, पाय लावायचा नाही. तो म्हणाला, समजलं.

अध्यक्षांनी शाल घातली, नारळ हातात दिला आणि भाषण सुरू केलं. कोजोने नारळ कपाळावर ठेवला. तिथून डोक्यावर, डोक्यावरून मानेवर, मानेवरून खांद्यावर, पुन्हा डोक्यावर. हात मागे बांधलेले. पाय लावला नाही!

हॉल टाळ्यांनी दणाणला. अध्यक्षांना वाटलं, भाषण रंगतंय. ते आणखी वीस मिनिटं बोलले.

*

मग तो जून आला. अकादमीचे मालक अबू फहद, साठीचे कुवेती गृहस्थ, करारावर सही करेनात. कारण सांगेनात. कोजोच्या बायकोने सामान बांधायला खोके आणले. थोरलीने माझ्याशी बोलणं बंद केलं, जणू मीच सही अडवली होती.

कोजोला घेऊन मी आणि कुलकर्णींनी मालकांना मैदानावरच गाठलं. कुलकर्णींनी मुलांच्या प्रगतीचे आलेख लॅपटॉपवर आणले होते. अबू फहद हिंदी छान बोलतात. त्यांनी लॅपटॉप हळूच बंद केला आणि म्हणाले की कोच म्हणून तक्रार नाही. पण आपणही एकेकाळी बचावपटू होतो. कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यात याने आपल्या दोन पायांमधून चेंडू काढून नेला. ती क्लिप नातवंडं दर ईदला जेवणानंतर मोठ्या टीव्हीवर लावतात. सुना जाम हसतात.

मी चिडून म्हटलं की सुना हसतात म्हणून दहावीतल्या मुलीला देशाबाहेर काढणार का? कुलकर्णी मात्र सेफ्टीवाले. म्हणाले, घटना जशी घडली तशी पुन्हा करून पाहू, त्याशिवाय फाइल बंद होत नाही.

अबू फहदनी चपला काढल्या, अंगातला पायघोळ दिशदाशा गुडघ्यापर्यंत वर घेऊन कमरेला खोचला आणि मैदानाच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

कुलकर्णींनी कोजोला बाजूला घेतलं. "कोजोभाई, आज फक्त हरायचं. मुलीचं बघा." कोजोने मान हलवली. गुडघ्याचा पट्टा आवळला, लंगडत पुढे गेला, डावीकडे झुकला आणि चेंडू म्हाताऱ्याच्या दोन पायांमधून काढून पलीकडे गेला.

कुलकर्णींनी डोळे मिटून घेतले. अबू फहद वळून चेंडूकडे बघत राहिले.

"फिर से," ते म्हणाले.

सहा वेळा झालं. सहाही वेळा पायांमधूनच. शेवटी धापा टाकत त्यांनी कुलकर्णींच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, करारावर सही केली आणि खाली अरबीत स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. इतक्या वर्षांत तेवढं अरबी मला वाचता येतं.

'दर गुरुवारी, पाच वाजता. घरी कोणाला सांगू नये.'