ब्रेक ऑइलचे रविवार

बँकेच्या काउंटरवर बसून मी माणसांचे पुष्कळ नमुने पाहिले, पण रविवारी सकाळी माझ्या भावाच्या पार्किंगमध्ये जमणाऱ्या पुरुषांइतका उबग मला कुणाचा आला नाही. ब्रेक ऑइल हा शब्द निघाला की आजही माझ्या तोंडाची चव जाते. त्याचा तो गोडसर, मळमळणारा वास तर आहेच, पण वास कधी ना कधी जातो. त्या चर्चा काही डोक्यातून जात नाहीत.

गाडी बाबांची. बाबा पाटबंधारे खात्यात अधिकारी होते. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, असे ते दिवस. म्हणून त्यांनी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी विलायती गाडी घेतली. बुटकी, गोल पाठीची. येरवड्यातल्या आमच्या वस्तीत दारात उभी राहिलेली ती पहिली गाडी. कुणाला कळा लागल्या, कुणाचा पाय मोडला, की लोक आमचंच दार वाजवायचे आणि बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर पडायचे. आजोबांनी छप्पन साली घरातले देव हलवले होते, त्यामुळे गाडीला हार नाही, लिंबू-मिरची नाही. त्याऐवजी बाबा दर आठवड्याला ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलून, पत्र्याचं झाकण काढून ब्रेक ऑइल किती आहे ते बघायचे. या गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ऑइल ज्यात भरतात तो भाग, तिथे खाली असतो. आई म्हणायची, "तिच्या पोटात काय आहे ते सारखं बघता, माझ्या पोटात काय आहे ते कधी विचारलंत?" बाबा हसून हात धुवायला जायचे.

मग देशाची दारं उघडली आणि रस्त्यावर रंगीबेरंगी नव्या गाड्या आल्या. माझा धाकटा भाऊ हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये लागला, त्यानेही एक घेतली. काही वर्षं आमची जुनी गाडी 'खटारा' होती. भावाचा पगार वाढला, तो दोनदा अमेरिकेला जाऊन आला, आणि तीच गाडी एका रात्रीत 'क्लासिक' झाली. तिला मलईसारखा रंग दिला. चाकांना चकाकणाऱ्या थाळ्या बसवल्या. बाबा खूश होते. आई गेल्यापासून त्यांचा एकच नेम होता. रविवारी गाडी काढायची, उसाच्या शेतांमधून मांजरीला माझ्या घरी यायचं, जेवायचं आणि दुपार कलायच्या आत परतायचं. रंग दिलेली गाडी ते आणखी हळू चालवायचे, इतकाच काय तो फरक.

एका हिवाळ्यात ते येईनासे झाले. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, ब्रेकचं काम काढलंय. जुनं ऑइल काढून टाकलं. आता कुठलं घालायचं तेवढं ठरलं की झालं."

पुढचा पावसाळा येऊन गेला तरी तेवढं ठरलं नाही. बाबा येत नाहीत म्हणून रविवारी मीच येरवड्याला, त्यांच्या आणि भावाच्या घरी जायला लागले आणि त्या सभांना चहा पुरवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. भावाचे चार-पाच मित्र यायचे, सगळे इंटरनेटवरच्या जुन्या गाड्यांच्या गटातले. ऑफिसची ओळखपत्रं रविवारीही गळ्यात अडकवून फिरणारे. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, मधोमध गाडी, आणि सुरू.

"सर, डॉट थ्री की डॉट फोर, हा क्वेश्चनच नाहीये. डॉट फाइव्ह. सिलिकॉन. पेंटवर सांडलं तरी नो प्रॉब्लेम."

"पण सील्स? जुनं रबर आहे, नॅचरल. ते फुगलं तर?"

"इंग्लंडचा एक जण लिहितो की..."

इंग्लंडचा एक जण, ऑस्ट्रेलियाचा एक जण. पुण्यात कुणी कधी ब्रेक दाबलाच नव्हता जणू. एकाने नारळ आणला होता, ऑइल भरलं की फोडू म्हणून. तो नारळ आतल्या आत सुकून खुळखुळायला लागला तरी यांचं ठरेना. नुसता काथ्याकूट. दर वेळी निर्णय दाराशी आला की कुणीतरी नवीन शंका काढायचा आणि सगळे समाधानाने माना हलवायचे. चहा मात्र वेळेवर लागायचा, वर "ताई, साखर थोडी कमी" असं सांगायला कुणी चुकत नव्हतं.

या सगळ्यांत खरा अभ्यास एकटे बाबा करत होते. भावाने छापून आणलेले कागद ते शब्द न् शब्द वाचायचे, बारीक टाइपातले, आणि चष्म्याचा नंबर वाढला नाही म्हणून कौतुकाने सांगायचे. गुडघ्यांमुळे आता त्यांना गाडीत वाकून बघता येत नव्हतं, पण खुर्चीत ताठ बसून ते ऑफिसात टिपणी सांगावी तसं सांगायचे. साधं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दर वर्षी पावसाळा संपला की बदलायचं. सिलिकॉन पाणी ओढत नाही, पण मग आत शिरलेलं पाणी तळाशी साचून नळी गंजवतं. दोन्हींची मिसळ तर कधीच करायची नाही. "थोडक्यात," बाबा म्हणायचे, "गाडी चालवायची असेल तर साधं. नुसती उभी करून बघायची असेल तर सिलिकॉन. आपल्याला चालवायची आहे."

एका रविवारी त्यांच्या डाव्या हाताला ठेवलेला कप पुन्हा त्यांच्या कोपराने उडाला. हल्ली असं वारंवार व्हायचं. मी फडकं आणायला वर गेले, तेवढ्यात मागून एक मित्र ट्रे घेऊन आला. नारळवाला तोच. बेसिनशी हात धुताना प्रेमाने म्हणाला, "ताई, तुमचे बाबा ग्रेट आहेत हं. काय बोलतात. मला तर कधी कधी वाटतं, खरंच ऑइल भरून टाकावं."

"मग भरा ना. घोडं कुठे पेंड खातंय?"

तो हसला. "भरणार कशात? मास्टर सिलिंडर माझ्या गाडीला लावलाय ना. इकडे पडूनच होता, म्हणून तुमचा भाऊच म्हणाला घेऊन जा." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला शिसारी आली. दुसरा शब्द नाही. जो भाग याच्या गाडीत बसून पुणं फिरत होता, त्यात कुठलं तेल घालावं यावर हा माणूस दर रविवारी माझ्या हातचा चहा पिऊन मतं देत होता. आणि समोर बसलेला म्हातारा ते खरं मानून रात्री कागद वाचत होता.

मी भावाला वर बोलावून घेतलं. तो आल्या आल्या म्हणाला, "ताई, आधी शांत हो. तू पॅनिक होऊ नकोस." मी शांतच होते. त्याने गॅलरीचं दार लोटलं आणि सांगितलं. बाबांना काचबिंदू आहे. समोरचं नीट दिसतं, वाचता येतं, पण कडेची नजर जात चालली आहे, डावीकडची जास्त. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांना गाडी चालवू देऊ नका.

"यांना म्हणजे कुणाला? ते खोलीत नव्हते?"

"नव्हते. बाहेर बसले होते."

"मग त्यांना का नाही सांगितलं?"

"ऐकलं असतं त्यांनी? त्यांचं एवढंच तर उरलंय. खचले असते. म्हटलं, ऑइलचं निमित्त बरंय, हळूहळू सवय होईल. ते एंजॉय करतायत, ताई. बघतेस ना तू?"

हे तो खरोखर मायेने बोलत होता, याचीच मला जास्त चीड आली. लहान मुलाचं खेळणं लपवून त्याला दिवसभर शोधायला लावावं, आणि तो कसा रमलाय बघा म्हणावं. ज्या माणसाने नोकरीभर एकाही अर्जदाराला कारण लिहिल्याशिवाय नकार दिला नाही, त्याला आपल्याच घरात कारण मिळत नव्हतं. त्याच्याऐवजी मिळत होता इंग्लंडचा एक जण.

"आणि औषध?" मी विचारलं.

"थेंब आहेत. रोज रात्री घालायचे. गेलेली नजर काही परत येत नाही, पण थेंबांनी आहे ती टिकते, डॉक्टर म्हणाले. बाबांना सांगितलंय की डोळे कोरडे पडतात, त्यासाठी आहेत."

मी खाली गेले. तो मागून "ताई, ताई, आत्ता नको" करत आला, पण सगळ्यांसमोर तोंड उघडायची त्याची हिंमत नव्हती. खाली बाबा कुणाला तरी ऑइलचा उत्कलनबिंदू समजावत होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढली आणि सरळ सांगितलं. काय आजार आहे ते, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि गाडीत सिलिंडरच नाही हेही. गोड करून सांगायला मला जमत नाही, त्या दिवशी जमवायचंही नव्हतं. मित्रमंडळी आपापल्या चपलांकडे बघत बसली. नारळवाला हळूच उठायला लागला, तेव्हा बाबा त्याला म्हणाले, "बसा. चहा संपवून जा."

मग त्यांनी हातातले कागद नीट जुळवून मांडीवर ठेवले. डावा हात डोळ्यांच्या कडेला आडवा धरला, हळूहळू पुढे आणला, आणि तो दिसायला लागला तिथे थांबवला. बराच पुढे थांबला. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. तसा तो आला असता तर बरं झालं असतं.

"सांगितलं असतं तर किल्ली मीच दिली असती," ते भावाला म्हणाले. "रस्त्यावर पोरंबाळं असतात."

भाऊ काहीतरी पुटपुटला. बाबांनी त्याला हाताने थांबवलं.

"तू आणून देतोस ते थेंब कशाचे? या आजाराचेच ना?"

"हो, बाबा."

"मला डोळे कोरडे वाटत नव्हते," बाबा म्हणाले. "म्हणून मी कधी घातलेच नाहीत. बाटल्या तशाच आहेत सगळ्या, कपाटात."